'तोंड बंद कर, गाल्वाओ' म्हणणाऱ्या ब्राझीलला गाल्वाओ थांबले तेव्हा रडू का आलं?

18 डिसेंबर 2022. कतारच्या लुसैल स्टेडियममध्ये अर्जेंटिना विरुद्ध फ्रान्स. मेस्सी, एम्बाप्पे, 3-3 आणि मग पेनल्टी शूटआऊट. ती फायनल आपल्याकडे किती जणांनी श्वास रोखून बघितली हे वेगळं सांगायला नको. कोल्हापुरात तर वर्ल्डकपभर मेस्सी आणि नेमारचे बॅनर झळकत होते.

त्याच वेळी ब्राझीलमध्ये दुपार होती. ब्राझीलची टीम नऊ दिवस आधीच क्रोएशियाकडून पेनल्टीवर हरून घरी परतली होती. वर फायनलमध्ये कोण, तर अर्जेंटिना. म्हणजे सख्खा शेजारी आणि पक्का वैरी. अशी मॅच बघायला कुणाचं मन होणार? तरी लोकांनी टीव्ही लावला आणि त्यातल्या अनेकांचं लक्ष मेस्सीइतकंच एका 72 वर्षांच्या माणसाच्या आवाजाकडे होतं. गाल्वाओ बुएनो. ग्लोबो चॅनेलसाठी वर्ल्डकपमधली त्यांची ही शेवटची कॉमेंट्री होती. मॅच संपली, त्यांनी भरल्या गळ्याने निरोप घेतला आणि ब्राझीलचं सोशल मीडिया त्यांच्या जुन्या क्लिप्सनी भरून गेलं.

आता यात नवल ते काय? मोठा कॉमेंटेटर रिटायर झाला की लोक हळवे होतातच. नवल हे आहे की बारा वर्षांपूर्वी याच ब्राझीलने याच माणसाला 'तोंड बंद कर' असं अख्ख्या जगासमोर सुनावलं होतं.

तर झालं असं की, जून 2010 मध्ये दक्षिण आफ्रिकेत वर्ल्डकप सुरू झाला. ट्विटर तेव्हा नवीन होतं. 'ट्रेंड' हा शब्द आपल्याकडे अजून फॅशनसाठीच वापरला जायचा. आणि अचानक जगभरच्या ट्रेंडमध्ये एक नंबरला आलं, 'काला बोका गाल्वाओ'.

मराठी कानाला हे 'काळा बोका' ऐकू येतं, पण यात मांजराचा काही संबंध नाही. पोर्तुगीजमध्ये 'काला बोका' म्हणजे 'तोंड बंद कर'. गाल्वाओ फार बोलतात, ओरडतात, मॅच बघू देत नाहीत, ही ब्राझीलमधली जुनीच तक्रार. ती लाखो लोकांनी एकाच वेळी टाईप केली, इतकंच.

पण बाहेरच्या जगाला पोर्तुगीज कुठे कळतंय? लोक विचारायला लागले, हे गाल्वाओ काय प्रकरण आहे. मग ब्राझीलच्या पोरांनी जी थाप मारली ती इंटरनेटच्या इतिहासातल्या सर्वात भारी थापांपैकी एक असावी. त्यांनी सांगितलं की गाल्वाओ हा नामशेष होत चाललेला पोपट आहे, कार्निव्हलच्या पिसांसाठी त्याला मारतात, 'काला बोका' म्हणजे 'वाचवा' आणि तुमच्या प्रत्येक ट्विटमागे त्याच्यासाठी 10 सेंट जमा होतात. याचा इंग्रजीत एक गंभीर आवाजातला व्हिडिओही बनवला. परदेशातली भोळी मंडळी पोपट वाचवायला धडाधड ट्विट करू लागली. ट्रेंड आणखी वर. काही दिवसांनी न्यूयॉर्क टाइम्सलासुद्धा आपल्या वाचकांना हे प्रकरण समजावून सांगावं लागलं.

गाल्वाओंनी हे हसण्यावारी नेलं. दुसरा कुणी असता तर कदाचित मोडून पडला असता.

मग हाच माणूस जाताना लोकांना इतकं काय वाटलं? त्यासाठी आधी ब्राझीलमध्ये फुटबॉल कसा ऐकला जातो ते समजून घ्यावं लागेल.

इंग्लंडचा कॉमेंटेटर टीव्हीवर कमी बोलतो. चित्र दिसतंय ना, मग शब्द जपून वापरा, असा तिथला रिवाज. ब्राझीलची कॉमेंट्री रेडिओतून आली. रेडिओवर एक सेकंद शांतता म्हणजे श्रोता आंधळा. त्यामुळे सतत बोलायचं, वेग वाढवायचा आणि गोल झाला की फुप्फुसात हवा असेपर्यंत 'गोऽऽऽल' ओढायचा. आकाशवाणीवर बाळ ज. पंडितांची मराठी कॉमेंट्री ऐकत मोठ्या झालेल्या पिढीला हे लगेच पटेल. मॅच डोळ्यांसमोर उभी करायचं काम आवाजाचं असायचं. ब्राझीलमध्ये टीव्ही आला तरी ही सवय सुटली नाही.

त्यात भर ग्लोबोची. गाल्वाओ 1981 मध्ये या चॅनेलमध्ये आले आणि मधला एक छोटा काळ सोडला तर चार दशकं तिथेच राहिले. ग्लोबोची ताकद किती, तर मधल्या वारी होणाऱ्या फुटबॉलच्या मॅच चॅनेलची रात्रीची मालिका संपल्यावरच सुरू व्हायच्या. स्टेडियममधून घरी पोचायला लोकांना मध्यरात्र उलटायची, ते शिव्या घालायचे, पण वेळ काही बदलायची नाही. 2002 आणि 2006 चा वर्ल्डकप फुकटच्या टीव्हीवर दाखवायचे हक्क एकट्या ग्लोबोकडे होते. म्हणजे केबलला पैसे नसलेल्या घरात वर्ल्डकप ज्या आवाजात यायचा, तो आवाज निवडण्याची सोयच नव्हती. गाल्वाओ आवडोत न आवडोत, ते घरात असायचेच. लग्नकार्यात सगळ्यांच्या वरताण बोलणारा एक काका असतो ना, तसे.

या काकांची वाक्यं मग लोकांच्या तोंडी बसली. सुरुवात ठरलेली, 'बें, आमिगुस', म्हणजे 'तर मित्रांनो'. मॅच अटीतटीला आली की 'आजा कोरासाँव', म्हणजे साधारण 'काळीज घट्ट करा'. गोलकीपर ताफारेलला तर ते टीव्हीतूनच सूचना द्यायचे, 'पुढे ये, बॉल तुझाच आहे'. गल्लीत खेळणारी पोरं गोलपोस्टमध्ये उभी राहून हेच ओरडायची. 1999 च्या कोपा अमेरिकात व्हेनेझुएलाविरुद्ध कोवळ्या रोनाल्डिन्होने डिफेंडरच्या डोक्यावरून बॉल काढून गोल मारला, तेव्हा गाल्वाओ 'बघा त्याने काय केलं' एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. पुढे 2023 मध्ये त्यांच्यावर माहितीपट मालिका आली, तिच्या नावातही हेच वाक्य आहे.

पण कॅचफ्रेज तर बऱ्याच जणांच्या असतात. ब्राझीलचं या माणसाशी जे नातं जडलं, त्याची खरी गाठ 1994 च्या अडीच महिन्यांत आहे.

1 मे 1994. इटलीतल्या इमोला ट्रॅकवर फॉर्म्युला वनची रेस. गाल्वाओ फॉर्म्युला वनचीही कॉमेंट्री करायचे आणि ब्राझीलचा लाडका आयर्टन सेन्ना त्यांचा जवळचा मित्र होता. सेन्ना जिंकला की त्याचं नाव 'आयर्टन सेन्ना, ब्राझीलचा' असं लांबवून घेण्याची पद्धत गाल्वाओंचीच. त्या रविवारी सातव्या लॅपला सेन्नाची गाडी भिंतीवर आदळली. देशाला ते सांगत होते गाल्वाओ. समोर मित्र निपचित पडलाय, हातात माइक आहे आणि घराघरांत लोक हा आता काय म्हणतो याची वाट बघतायत. सेन्ना त्याच दिवशी गेला.

17 जुलै 1994. अमेरिकेतलं पासाडेना. ब्राझील विरुद्ध इटली, वर्ल्डकप फायनल, 0-0, पेनल्टी. इटलीच्या रॉबर्टो बॅजिओने बॉल बारच्या वरून मारला आणि ब्राझील 24 वर्षांनी वर्ल्ड चॅम्पियन झाला. चौथ्यांदा. पोर्तुगीजमध्ये चौथ्या विजेतेपदाला 'टेट्रा' म्हणतात. गाल्वाओ 'टेट्रा, टेट्रा' असं ओरडत राहिले. आवाज फाटलेला, चिरकलेला, सूर वगैरे काही नाही. शेजारी पेले. दोघं एकमेकांच्या गळ्यात पडून उड्या मारतायत. कॉमेंट्री म्हणून मार्क द्यायचे तर दहापैकी तीन मिळतील. पण मैदानात खेळाडूंनी सेन्नाच्या नावाचा फलक धरला होता आणि इमोलातून देशाला ती रेस दाखवणारा माणूसच आता आनंदाने किंचाळत होता. ज्यांनी हे दोन्ही प्रसंग एकाच आवाजात ऐकले, त्यांच्यासाठी गाल्वाओ निव्वळ कॉमेंटेटर उरले नाहीत.

टीकाकारांचं म्हणणंही खोटं नव्हतं. गाल्वाओ तटस्थ कधीच नव्हते. ब्राझील वाईट खेळली तरी ते आशा विकत राहायचे आणि देशभक्तीच्या या सुरात ब्राझिलियन फुटबॉलमधला सावळा गोंधळ झाकला जातो, असं अनेकांना वाटायचं. ही तक्रार आपल्याला ओळखीची वाटेल. टीम इंडियाच्या मॅचला टीव्ही म्यूट करणारे आपल्याकडेही कमी नाहीत. फॅनसारखं ओरडणारा माणूस जिंकताना गोड लागतो, हरताना नकोसा होतो.

याला अपवाद ठरली 8 जुलै 2014 ची सेमीफायनल. बेलो होरिझोन्ते, घरचं मैदान, समोर जर्मनी. 29 व्या मिनिटाला स्कोअर 0-5. शेवट 1-7. त्या दिवशी गाल्वाओंकडेही विकायला आशा नव्हती. 'आले बघा पुन्हा' आणि 'जर्मनीचा गोल' हे ते ज्या हताश आवाजात म्हणाले, त्याचे पुढे मीम झाले. ब्राझीलमध्ये आजही काही बिनसलं की लोक 'रोज एक नवा 7-1' म्हणतात. राष्ट्रीय अपमानाच्या त्या क्लिपवरही आवाज त्यांचाच आहे.

आणि इथेच रडण्याचं उत्तर सापडतं. ब्राझीलमधल्या कुणाला विचारा, 1994 ला तू कुठे होतास, 2002 ला योकोहामात रोनाल्डोने दोन गोल मारले तेव्हा घरात कोण कोण होतं, 7-1 च्या दिवशी काय झालं. प्रत्येकाचं घर वेगळं, सोबतची माणसं वेगळी, त्यातली काही आज हयात नाहीत. पण मागचा आवाज सगळ्यांच्या आठवणीत एकच. 'तोंड बंद कर' म्हणायलाही सगळा देश एकच गोष्ट ऐकत असावा लागतो. 2010 मध्ये कॉलेजात बसून पोपटाची थाप पसरवणारी पोरं 2022 मध्ये तिशी ओलांडून गेली होती. त्यांनी निरोपाच्या पोस्ट टाकल्या, त्यात स्वतःच्या त्या वयालाही निरोप होता.

चटका बसण्याची रंगीत तालीम आधी एकदा झाली होती. नोव्हेंबर 2019 मध्ये लिमा शहरात फ्लामेंगो क्लबची कोपा लिबर्टाडोरेसची फायनल होती. कॉमेंट्रीसाठी तिथे गेलेल्या गाल्वाओंना मॅचच्या दोन दिवस आधी हार्ट अटॅक आला. फ्लामेंगोने शेवटच्या मिनिटांत दोन गोल मारून अशक्य वाटणारी मॅच जिंकली. त्या गोलांना ग्लोबोवर दुसऱ्याचा आवाज होता. कायम शिव्या घालणाऱ्यांनाही तेव्हा पहिल्यांदा जाणवलं की हा माणूस एक दिवस खरंच नसणार आहे.

2022 मध्ये आणखी एक गोष्ट घडत होती, जिच्याकडे निरोपाच्या गर्दीत फारसं लक्ष गेलं नाही. कासिमीरो नावाच्या तरुण स्ट्रीमरचं 'काझे टीव्ही' हे यूट्यूब चॅनेल त्याच वर्ल्डकपच्या काही मॅच फुकट दाखवत होतं. मित्राच्या घरी सोफ्यावर बसून गप्पा माराव्यात तशी कॉमेंट्री. ब्राझील-क्रोएशिया मॅचला तिथे एका वेळी 60 लाखांहून जास्त लोक होते. म्हणजे गाल्वाओ निघाले त्याच महिन्यात ब्राझीलच्या तरुणांना पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर पर्याय मिळाला होता. ज्याला गाल्वाओ नको, त्याने चॅनेल बदलायचं. ट्रेंड करायची गरजच संपली.

एक गंमत राहिलीच. गाल्वाओ खरे रिटायर झालेच नाहीत. मार्च 2023 मध्ये, म्हणजे निरोपाला पुरते चार महिनेही झाले नव्हते, तेव्हा त्यांनी स्वतःच्या यूट्यूब चॅनेलवर मोरोक्को विरुद्ध ब्राझील ही मैत्रीपूर्ण मॅच सांगितली. ब्राझील हरली. ग्लोबोशी करार 2024 अखेर संपला. 2025 मध्ये ते अॅमेझॉन प्राइम व्हिडिओवर ब्राझीलच्या लीगच्या मॅच सांगू लागले. ज्यांनी 2022 मध्ये डोळे पुसले, त्यातल्या काहींना 'मग आम्ही रडलो कशाला' असं वाटलं तर त्यांचं चुकलं म्हणता येणार नाही.

2026 च्या वर्ल्डकपसाठी तर त्यांनी थेट ग्लोबोच्या प्रतिस्पर्धी एसबीटी चॅनेलशी करार केला. कारण एक हिशोब बाकी आहे. चौथं विजेतेपद त्यांनी सांगितलं, 2002 मध्ये पाचवंही सांगितलं. सहावं, ज्याला तिकडे 'हेक्सा' म्हणतात, ते 2022 पर्यंत काही आलं नाही. फक्त यावेळी ग्लोबोवर दुसरा आवाज, काझे टीव्हीवर सगळेच्या सगळे 104 सामने आणि गाल्वाओ तिसरीकडेच. रिमोट कुणाच्या हातात राहणार, यावरून ब्राझीलच्या घराघरांत भांडणं ठरलेली आहेत.