दुखऱ्या पायाचे माप

मराठीने पायाला देव्हाऱ्यात बसवले आणि पायात घालायच्या वस्तूला उंबऱ्याबाहेर ठेवले. चरण, पाऊल, पादुका हे शब्द उच्चारताना हात आपोआप जोडले जातात. वहाण, खेटर, पायताण हे शब्द मात्र बहुधा कुणाचा तरी पाणउतारा करण्यासाठीच तोंडी येतात. वहाणेने आपली जागा ओळखून राहावे, असे बजावणारी आपली म्हण तर मुळात वहाणेविषयी नाहीच, ती माणसांविषयी आहे. सोलापूर जिल्ह्यात ही विसंगती वर्षातून एकदा डोळ्यांसमोर उभी राहते. आषाढीला ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका पालख्यांतून पंढरपुरी येतात आणि त्यांच्यामागे लक्षावधी तळवे फोड सोशीत चालत असतात. त्या तळव्यांच्या श्रद्धेवर उदंड लिहिले गेले. ते तळवे कशात घालावेत यावर लिहिणे कुणाला फारसे प्रतिष्ठेचे वाटले नाही.

म्हणून आम्ही मुद्दाम एक अप्रतिष्ठित प्रश्न घेतो. ज्याचे पाय वर्षानुवर्षे दुखतात, त्याने सायकल चालवताना पायात काय घालावे?

हा हौशी मंडळींचा प्रश्न आहे, असे वाटण्याचा संभव आहे. पहाटे तुळजापूर किंवा अक्कलकोटच्या रस्त्याला लागणारे, डोक्यावर शिरस्त्राण आणि अंगात घट्ट सदरा घातलेले सायकलस्वार नजरेत भरतात खरे. परंतु १८७७ साली जुनी गिरणी सुरू झाली तेव्हापासून सोलापूर हे उभे राहून काम करणाऱ्यांचे गाव आहे. गिरण्या गेल्या, यंत्रमाग उरले. मागावर पाळीभर फरशीवर उभा राहिलेला कामगार त्याच तळव्यांनी सायकल रेटीत घरी जातो, तेव्हा त्याच्या पायात झिजलेली रबरी चप्पल असते. दुसरीकडे आहे पन्नाशीचा मधुमेही. चालल्यावर टाच दुखते, म्हणून डॉक्टरांनी त्याला सायकल सुचवलेली असते. या दोघांची गरज खरी आहे. बाजारातला 'सायकलचा बूट' मात्र तिसऱ्याच कुणासाठी घडवलेला असतो.

तो तिसरा म्हणजे शर्यतवीर. पूर्वी शर्यतीतले स्वार पेडलवरच्या पिंजऱ्यात पाऊल घालून ते पट्ट्याने आवळीत. १९८४ साली 'लुक' या फ्रेंच कंपनीने बुटाच्या तळाला खाचपट्टी लावून बूटच पेडलमध्ये अडकवण्याची सोय केली आणि पुढच्याच वर्षी बर्नार इनोने त्या पेडलांवर टूर द फ्रान्स जिंकली. मग १९९० मध्ये 'शिमानो'ने अशी छोटी धातूची पट्टी आणली की जी बुटाच्या तळात दडते आणि पायउतार झाल्यावर चालताही येते. शोध उत्तम होते, यात शंका नाही. पण त्यांच्या आगेमागे बुटाची जी घडण रूढ झाली ती ताठ तळाची, निमुळत्या चवड्याची, पाय मोज्यासारखा आवळून धरणारी होती. तीच घडण आता आमच्याकडच्या दुकानांत सायकलच्या बुटाची एकमेव घडण म्हणून मांडलेली असते. एका चांगल्या जोडाच्या किमतीत साधी सायकल येते, हे वेगळेच.

दुखणे कोणते, हे आधी पाहिले पाहिजे. सकाळी अंथरुणातून उठल्यावर पहिल्या पावलाला टाचेत सुई टोचावी तसे ज्याला होते, त्याच्या तळव्याखालचा टाचेपासून बोटांपर्यंतचा पट्टा दुखावलेला असतो. अशा माणसाला सायकल बहुधा सोसते, कारण बसल्यावर शरीराचा भार टाचेवर येत नाही. त्याने मऊ बुटाच्या मोहात मात्र पडू नये. धावण्याचा गुबगुबीत बूट हातात घेतला की सुखद वाटतो. पण पेडलवर जोर देताच त्याचा तळ मधोमध वाकतो, पाऊल त्याच्याबरोबर वाकते आणि तो दुखरा पट्टा प्रत्येक फेऱ्याला ताणला जातो. तळ कडक हवा आणि गादी आत हवी. हा साधा भेद दुकानात फारसे कुणी सांगत नाही.

चवड्याची आग होणे, बोटांना मुंग्या येणे, हे निराळे दुखणे. येथे दोष बहुधा रुंदीचा असतो. बोटांच्या मुळाशी असलेल्या नसा निमुळत्या बुटात दाबल्या जातात आणि सोलापूरच्या वैशाखात पाय सुजला की दाब आणखी वाढतो. यावर आपण काय करतो? रुंदी मिळावी म्हणून एक नंबर मोठा बूट घेतो. मग तो लांबीला सैल होतो, म्हणून नाडी आवळतो आणि दुखण्याची जागा फक्त बदलते. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेच्या पुढाकाराने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभरातील एक लाखाहून अधिक लोकांच्या पायांची मापे घेतली गेली. भारतीय पाय युरोपीय पायापेक्षा सामान्यतः रुंद आहे, असा त्यातला एक निष्कर्ष होता आणि त्यावरून 'भा' नावाची स्वतंत्र मापपद्धती सुचवण्यात आली. स्वातंत्र्यानंतर पाऊण शतक आपण ब्रिटिश आकड्यांत पाय कोंबत होतो आणि चूक पायाची मानत होतो!

मधुमेह्याची गोष्ट याहून गंभीर आहे. त्याचा पाय दुखायचा थांबला तर तो बरा झाला, असे समजू नये. संवेदना गेलेल्या पायाला बुटातला खडा कळत नाही आणि जखम मोज्यावर रक्त दिसेपर्यंत लपून राहते. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या बधिर पायांवर जे काम केले, त्यातून हे शहाणपण आपल्याकडे रुजले. सूक्ष्मछिद्री रबराची 'एमसीआर' चप्पल आज मधुमेह्यांनाही दिली जाते. ती चालण्यासाठी चांगली. परंतु सायकलवर मागचा पट्टा नसलेली चप्पल निसटते आणि पाय भलतीकडे जातो. अशा माणसाने पेडलला अडकणारा बूट तर घेऊच नये आणि कोणताही बूट घेण्यापूर्वी पाय डॉक्टरांना दाखवावा.

आमचे मत थोडक्यात असे की दुखऱ्या पायाच्या माणसाने बुटाच्या आधी पेडल बदलावे. जुन्या काळ्या सायकलींना रबरी ठोकळ्यांचे रुंद पेडल असे. गिरणी कामगार त्यावर चवडा न टेकवता पावलाचा मधला भाग टेकवीत. हौशी मंडळी याला अडाणी पद्धत म्हणतात. चवड्याच्या टोकाने पेडल मारणे हेच त्यांच्या लेखी शास्त्र. पण पाऊल पेडलवर थोडे पुढे सरकवले की चवड्यावरचा आणि पोटरीवरचा ताण उतरतो. आज पट्टीचे बूट बसवून देणारे जाणकारही दुखऱ्या चवड्यासाठी पट्टी टाचेकडे सरकवतात, म्हणजे गिरणी कामगाराकडेच परत येतात. सपाट, रुंद पेडल आणि त्यावर रुंद चवड्याचा, कडक तळाचा, मागून बंद असलेला साधा बूट एवढ्यावर बहुतेकांचे भागते.

उरलेले काम कारागिराचे, आणि येथे आमची खरी तक्रार आहे. कोल्हापुरी चपलेच्या भौगोलिक मानांकनात महाराष्ट्रातले जे चार जिल्हे आहेत, त्यांत कोल्हापूर, सांगली, साताऱ्याबरोबर सोलापूरही आहे. पायाखाली कागद ठेवून पेन्सिलीने पाय आखून घेणारा चर्मकार या मुलखाला नवा नाही. जून २०२५ मध्ये 'प्राडा'ने मिलानच्या मंचावर तशाच चपला नाव न घेता मिरवल्या, तेव्हा आपण सारे संतापलो. संताप योग्यच होता. पण त्या संतापलेल्यांपैकी किती जणांनी गेल्या दहा वर्षांत स्वतःचा पाय कुणा चर्मकाराला आखू दिला?

शेजारच्या कल्याणची, म्हणजे आजच्या बसवकल्याणची, बाराव्या शतकातली आख्यायिका या मुलखात सर्वांना ठाऊक आहे. सोलापूरचे सिद्धरामही ज्या शरणांच्या मेळ्यात वावरले, त्यांतला चर्मकार हरळय्या आणि त्याची पत्नी कल्याणम्मा यांनी आपल्या मांडीच्या कातड्याचे जोडे करून बसवेश्वरांना दिले. बसवेश्वरांनी ते डोक्यावर ठेवले आणि परत केले. त्या काळी त्या कृतीचे मोल फार मोठे होते, हे आम्ही जाणतो. तरीही मनात येते की तेथेही जोडा डोक्यावर गेला, पायात गेला नाही. कारागिराला वंदन करणे आणि त्याच्या विद्येला गिऱ्हाईक होणे यांत आपण नेहमीच पहिले निवडले. त्याची मुले हा धंदा सोडतात, ते शहाणपणानेच. ज्या कामापायी पिढ्यान्‌पिढ्या अपमान झाला, ते परंपरा म्हणून टिकवा असे त्यांना सांगण्याचा अधिकार आम्हांला नाही. मात्र जो आज रापी आणि आरी घेऊन बसला आहे, त्याला पायाचा जाणकार म्हणून पैसे मोजता येतील.

त्याच्याकडे जावे ते संध्याकाळी, कारण दिवसभरात पाय वाढतो. दोन्ही पाय उभ्याने आखून घ्यावेत आणि मोठ्या पायाचे माप धरावे. बुटातली गादी काढून आखणीवर ठेवावी. करंगळीची बाजू गादीबाहेर येत असेल तर तो बूट आपला नव्हे. येत नसेल, तर आतल्या गादीखाली कमानीच्या जागी चामड्याचा एक थर चिकटवून मागावा, टाचेखाली गोल खळगा करून मागावा आणि आठवडाभर सायकल चालवून पुन्हा त्याच्यासमोर बसावे. एका फेरीत काम होत नाही. दुसऱ्या फेरीचे पैसे त्याने मागितले नाहीत, तरी द्यावेत.