बाजेखालची शेगडी, फरशीखालची तार

थंडीच्या लाटेत अहिल्यानगर जिल्ह्यात पारा 10 अंशांच्या खाली उतरतो. जामखेडच्या नव्या बंगल्यांतून तेव्हा पहाटे गुळगुळीत फरशीवर पाय टेकवणं नको होतं. मग फरशीखाली विजेच्या तारा किंवा गरम पाण्याच्या नळ्या टाकण्याचा मोह पडतो. कोरियातलं ओंडोल आणि काश्मीरमधला हमाम ही त्याचीच जुनी रूपं. तिथल्या हिवाळ्याला ती शोभतात. जामखेडला हा खर्च झेपला तरी पटणारा नाही.

मुळात फरशी खोलीतल्या हवेपेक्षा फारशी गार नसते. ती तळव्यातली उष्णता झपाट्यानं ओढून घेते, म्हणून झोंबते. सारवलेली जमीन तेवढं ओढत नाही, आणि घोंगडी तर त्याहून कमी. अहिल्यादेवी होळकरांचं जन्मगाव चौंडी जामखेड तालुक्यातलंच, धनगरांच्या वस्तीचं. दख्खनी मेंढीच्या लोकरीची काळी, खरबरीत घोंगडी या भागाला नवी नाही. दिवाणखान्याला शोभत नाही म्हणून ती माळ्यावर गेली आणि पाय गारठले!

विजेचा हिशेबही पाहावा. तारांची मॅट चौरस मीटरला साधारण 150 वॉट घेते. दहा बाय बारा फुटांची खोली म्हणजे 11 चौरस मीटर. पूर्ण जोरावर तासाला दीड युनिटहून जास्त. हे सगळं वर्षातल्या मोजक्या आठवड्यांसाठी. वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा त्याच गार फरशीवर उशी टाकून घर आडवं होतं.

खोली सोडून थेट माणसालाच खालून ऊब देण्याची युक्ती मराठी घरांत आधीपासून आहे. बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी सरकवायची, निखाऱ्यांवर ओवा, बाळंतशेपा, वावडिंग टाकायचं. सुंभाच्या विणीतून धग आणि धुरी वर येते. युक्ती अस्सल, पण खोली बंद असेल तर जीवघेणी. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला ना रंग ना वास. धुरीही तान्ह्याच्या छातीला बरी नव्हे. बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून वर पांघरूण घेतलं की त्याला हवी तेवढी ऊब मिळते. कमी वजनाच्या बाळांसाठी 1978 मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात सुरू झालेली ही पद्धत आता आपल्या दवाखान्यांतही शिकवतात. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 पासून ज्या जामखेडमध्ये गावच्याच, अनेकदा निरक्षर बायकांना आरोग्याचं काम शिकवलं, तिथं शेगडीचा धोका घरोघर सांगणं अवघड नसावं.

सांधेदुखीनं बेजार म्हाताऱ्यांच्या न्हाणीघरापुरती तापती फरशी मात्र समजू शकते. जागा लहान, वापर अर्ध्या तासाचा. अर्थिंग, गळती होताच वीज तोडणारा स्विच आणि थर्मोस्टॅट यांत काटकसर नको. मॅट टाइलच्या खाली जाते, तेव्हा मिस्त्री फरशी बसवायच्या आधीच ठरवावं लागतं. नंतर आठवलं तर न्हाणीघर उखडणं आलं.