जुन्या झेनमध्ये एस्टीमचं इंजिन: गाडी सुसाट, पण ब्रेक आणि कागदांचं काय?

बाहेरून साधी मारुती झेन. रंग जरा उडालेला, मागच्या काचेवर जुनं स्टिकर. सिग्नल हिरवा होतो आणि ही गाडी शेजारच्या नव्याकोऱ्या एसयूव्हीला मागे टाकून निघून जाते. अशा रीलखाली पहिली कमेंट ठरलेली असते, "भावा, आत काय टाकलंय?" आणि उत्तरही बहुतेक वेळा ठरलेलं असतं, "एस्टीमचं इंजिन."

जुन्या छोट्या गाडीत मोठं इंजिन बसवायचं, याला गाडीवेड्यांच्या भाषेत 'इंजिन स्वॅप' म्हणतात. नव्या वेगवान हॅचबॅकसाठी दहा-बारा लाख मोजण्यापेक्षा हा मार्ग स्वस्त वाटतो. शिवाय घरातली जुनी गाडी भंगारात जात नाही. पण रीलमध्ये फक्त पिकअप दिसतो. आरसी बुक, विमा आणि ब्रेक दिसत नाहीत. खरा विषय तिथेच आहे.

मुळात हे इंजिन बसतं कसं?

झेन भारतात आली 1993 मध्ये. इंजिन 993 सीसीचं, चार सिलिंडरचं. सुरुवातीच्या मॉडेलची ताकद साधारण 50 अश्वशक्ती. पुढच्याच वर्षी एस्टीम ही सेडान आली. तिचं इंजिन 1298 सीसीचं. सुरुवातीला ताकद 65 अश्वशक्तीच्या आसपास होती, नंतरच्या फ्युएल इंजेक्शन मॉडेलमध्ये ती 85 वर गेली.

ही दोन्ही इंजिनं सुझुकीच्या एकाच 'जी' मालिकेतली, म्हणजे एका घरातले धाकटा-थोरला भाऊ. झेनच्या सिलिंडरचा व्यास 72 मिलिमीटर, एस्टीमचा 74. मोठा फरक आहे तो पिस्टनच्या धावेत. झेनमध्ये पिस्टन 61 मिलिमीटर वर-खाली होतो, एस्टीममध्ये साडेपंचाहत्तर. रचना सारखीच असल्यामुळे अनुभवी मेकॅनिकला हे काम अवघड वाटत नाही. माउंटिंग, वायरिंग, रेडिएटर, एक्झॉस्ट यांत फेरफार करून इंजिन बॉनेटखाली बसतं.

आता साधा हिशेब करा. झेनचं वजन साधारण साडेसातशे किलो, एस्टीमचं पावणेनऊशेच्या आसपास. 85 अश्वशक्तीचं इंजिन हलक्या झेनमध्ये गेलं की दर टनामागे तिला साधारण 113 अश्वशक्ती मिळते. खुद्द एस्टीमला मिळते 97. म्हणजे ज्या गाडीतून इंजिन काढलं, तिच्यापेक्षाही झेन जास्त चपळ होते. रीलमधली गंमत खोटी नाही.

मग अडचण कुठे येते?

थांबताना.

गाडी थांबवताना ब्रेकला जी ऊर्जा जिरवावी लागते, ती वेगाच्या वर्गाने वाढते. ताशी 80 ऐवजी 100 च्या वेगाने जाणारी गाडी थांबवायची, तर वेग वाढलाय 25 टक्के, पण ब्रेकवरचं काम वाढतं 56 टक्के. वेग दुप्पट केला तर हेच काम चौपट होतं.

झेनला पुढे डिस्क आणि मागे ड्रम ब्रेक असतात. त्यांचा आकार, टायरची रुंदी, शॉकअप, गिअरबॉक्स, ड्राइव्ह शाफ्ट हे सगळं 50-60 अश्वशक्तीच्या इंजिनाच्या हिशेबाने ठरलेलं होतं. त्यात गाडी वीस-पंचवीस वर्षांची. सस्पेन्शन जिथे बॉडीला जोडलेलं असतं, तिथला पत्रा गंजलेला असेल तर वरून रंग मारून तो मजबूत होत नाही.

मोटार कंपन्याही छोट्या गाडीत मोठं इंजिन घालतात. त्याचं गाजलेलं उदाहरण म्हणजे फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय. 1975 च्या फ्रँकफर्ट मोटार शोमध्ये ती लोकांसमोर आली. साध्या कौटुंबिक हॅचबॅकमध्ये 1.6 लिटरचं 110 अश्वशक्तीचं इंजिन होतं. पण कंपनीने नुसतं इंजिन बदलून गाडी विकायला काढली नाही. पुढे हवा खेळती राहणाऱ्या डिस्क आल्या, सस्पेन्शन कडक झालं, वळणावर गाडी झुकू नये म्हणून अँटी-रोल बार आले. गॅरेजमध्ये बजेट संपतं ते बहुतेक वेळा इंजिनावरच. बाकीचं 'नंतर बघू' यादीत जातं.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, 1988 चं कलम 52 याबाबत स्पष्ट आहे. उत्पादकाने मूळ जी वैशिष्ट्यं दिली आहेत, त्यांच्याशी नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील जुळणार नाही, असा बदल मालकाला करता येत नाही. इंजिनाची क्षमता हा त्यातलाच एक तपशील.

केरळमधून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 9 जानेवारी 2019 रोजी हीच गोष्ट ठामपणे सांगितली. राज्याच्या नियमांचा आधार घेऊनही उत्पादकाच्या मूळ रचनेबाहेरचा बदल चालणार नाही, असा या निकालाचा अर्थ आहे.

त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कायद्यात कलम 182अ आलं. परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

आता तुम्ही म्हणाल, मग सीएनजी किट कसं चालतं? कारण कायद्यानेच त्याला वाट दिली आहे. सीएनजी, एलपीजी किंवा बॅटरीवर गाडी चालवण्यासाठी मान्यताप्राप्त किट बसवून आरसीवर नोंद करता येते. अशा किटची चाचणी पुण्यातल्या एआरएआयसारख्या संस्था करतात. थोडक्यात, जुन्या झेनमध्ये तिच्यासाठी मंजूर झालेलं इलेक्ट्रिक किट कायदेशीरपणे बसू शकतं, पण तिच्याच घरातलं थोरलं पेट्रोल इंजिन बसू शकत नाही.

पकडलं कुठे जातं?

खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते. नंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं आणि त्यासाठी गाडी आरटीओत न्यावी लागते. मूळ झेनचं उत्पादन 2006 मध्ये थांबलं, म्हणजे आज रस्त्यावर असलेली प्रत्येक जुनी झेन या टप्प्यातून जातेच. पासिंगच्या वेळी इंजिन आणि चासी क्रमांक कागदांशी ताडले जातात. क्रमांक जुळला नाही तर नूतनीकरण अडतं. शिवाय ते इंजिन आलं कुठून, हा प्रश्न उभा राहतो. भंगार बाजारातून पावतीशिवाय घेतलेलं इंजिन चोरीच्या गाडीचं निघालं, तर प्रकरण आरटीओपुरतं राहत नाही.

दुसरी जागा विम्याची. थर्ड पार्टी विम्याचा दर इंजिनाच्या क्षमतेवर ठरतो. 1 जून 2022 पासून लागू झालेल्या दरांनुसार 1000 सीसीपर्यंतच्या खासगी गाडीला वर्षाला 2,094 रुपये, तर 1000 ते 1500 सीसीच्या गाडीला 3,416 रुपये. 993 सीसीची झेन पहिल्या गटात, 1298 सीसीचं इंजिन दुसऱ्या. म्हणजे स्वॅप झालेल्या गाडीची पॉलिसी पहिल्या दिवसापासून चुकीच्या माहितीवर उभी असते. अपघात झाला की स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारायला कंपनीला हे कारण पुरतं. दुसऱ्याला इजा झाली असेल, तर त्याच्या भरपाईच्या प्रकरणातही हा बदल मालकाच्या विरोधात मांडला जाऊ शकतो.

बाहेरच्या देशांत काय होतं?

ब्रिटनमध्ये इंजिन बदललं की वाहन नोंदणी संस्थेला कळवून नवा क्रमांक आणि क्षमता कागदांवर चढवता येते. ऑस्ट्रेलियात गाडीच्या वजनाच्या हिशेबाने किती मोठं इंजिन चालेल, याची मर्यादा ठरलेली आहे. मोठ्या बदलासाठी अधिकृत तज्ज्ञाचं प्रमाणपत्र लागतं, आणि त्यात ब्रेकचाही विचार होतो.

आपल्याकडे सरसकट मनाई आहे, पण तपासणीची अशी मधली वाट नाही. त्यामुळे ब्रेक, सस्पेन्शन बदलून नीट काम करणारा आणि नुसतं इंजिन कोंबणारा, दोघेही कायद्यासमोर सारखेच ठरतात. दोघेही लपून काम करतात आणि कोणाचीच गाडी तपासली जात नाही.

ही वाट निघावी, ही मागणी रास्त आहे. पण ती निघेपर्यंत अशा गाडीची जागा बंदिस्त ट्रॅकवर, स्पर्धेच्या नियमांत आहे. रस्त्यावर चालवायची असेल तर कंपनीचंच मूळ प्रकारचं इंजिन नीट बांधून घेणं आणि तेही बदलावं लागलं तर आरटीओची मंजुरी व पावती जवळ ठेवणं, हा मार्ग खुला आहे. पिकअप कमी मिळेल. पण समोर अचानक शाळेतून सुटलेलं पोर आलं, तर ब्रेक आणि इंजिन एकाच हिशेबाचे असतील.