मुक्या जीवांचे पालन आणि आपली प्रतिज्ञा

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे परमपूज्य बाबासाहेबांनी आपल्या अनुयायांस ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांतील पहिल्या काही प्रतिज्ञा आपल्या घरांतील लहान मुलांनाही तोंडपाठ असतात. कोणत्या देवांस मानणार नाही, कोणते विधी करणार नाही, हे आपण ठामपणे सांगतो. परंतु त्याच बाविसांत प्राणिमात्रांवर दया करण्याची व त्यांचे लालनपालन करण्याची एक प्रतिज्ञा आहे. तिचा उच्चार आपण घाईने करून पुढे जातो. नकाराच्या प्रतिज्ञेस निर्धार पुरतो. पालनाच्या प्रतिज्ञेस मात्र रोज काही तरी करावे लागते. अमरावती व अकोला येथील मोकाट कुत्र्यांच्या प्रश्नाचा विचार आपण याच दृष्टीने केला पाहिजे.

यावर आपल्यापैकी कित्येकांच्या मनात एक कडू आक्षेप उभा राहील. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी कुत्र्यामांजरांस मोकळे होते आणि आपल्या वाडवडिलांस बंद होते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ते पाणी प्राशन केले, आणि त्या हक्कावर उच्च न्यायालयाचे शिक्कामोर्तब होण्यास १९३७ साल उजाडावे लागले. ज्यांनी कुत्र्याला दिले ते माणसाला नाकारले, त्यांच्या तोंडची भूतदया आम्ही का ऐकावी? आक्षेप रास्त आहे. पण त्याचा रोख कुत्र्याकडे वळविणे रास्त नाही. तळे कुत्र्याने अडविले नव्हते. महाडची मागणी माणसाला पाणी मिळावे ही होती, कुत्र्याला तहानलेले ठेवावे ही नव्हती. आणि दयेची आज्ञा आपल्याला त्या लोकांकडून आलेली नाही. ती आपण स्वतः, आपल्या मुखाने, स्वीकारलेली आहे.

आता पालन म्हणजे काय? ओट्यावरून शिळी भाकर फेकली की दया संपली, असे एक पक्ष मानतो. दुसरा पक्ष म्हणतो, विष घाला आणि मोकळे व्हा. दोघेही जबाबदारी टाळतात. विष घालणे हा तर गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ अन्वये प्राण्यास ठार मारणे, विष देणे किंवा अपंग करणे यास पाच वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा होऊ शकते. १९६० चा प्राणी क्लेश प्रतिबंधक कायदा आहेच. शिवाय २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी कुत्र्यांचे निर्बीजीकरण व लसीकरण करण्याचे कर्तव्य स्थानिक स्वराज्य संस्थांवर टाकले आहे. म्हणजे पालन ही एखाद्या दयाळू म्हातारीची हौस नसून महानगरपालिकेचे कायदेशीर काम आहे.

अमरावती व अकोला हे दोन्ही जिल्हे ज्याच्या अधिकारक्षेत्रात येतात, त्या मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ऑक्टोबर २०२२ मध्ये असे म्हटले की, ज्यांना मोकाट कुत्र्यांस खाऊ घालायचे असेल त्यांनी ती दत्तक घ्यावीत, घरी न्यावीत किंवा निवारागृहात ठेवावीत. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने दत्तक घेण्याच्या या सक्तीस स्थगिती दिली. त्यानंतर २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, निर्बीजीकरण व लसीकरण केलेले कुत्रे त्याच भागात परत सोडावे, पिसाळलेले व आक्रमक कुत्रे सोडू नये, आणि खाऊ घालण्यासाठी जागा ठरवून द्याव्यात. ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशाने शाळा, रुग्णालये, बसस्थानके व रेल्वेस्थानके येथील कुत्री हलवून निवारागृहात ठेवण्यास फर्माविले. या आदेशांतून एक साधा प्रश्न उरतो: हलविलेले कुत्रे ठेवायचे कोठे? निवारागृह नसेल तर आदेश कागदावर राहतो आणि कुत्रे गाडीत घालून दुसऱ्या वस्तीत सोडले जाते. ती दुसरी वस्ती बहुधा गरिबांचीच असते.

येथे आपल्या मुलांचा प्रश्न आहे. ज्या मोहल्ल्यात कचरा उचलला जात नाही तेथे कुत्री जमतात, आणि अंगणाला कुंपण नसलेल्या घरातील मूल प्रथम चावले जाते. रेबीजची लक्षणे एकदा दिसली की रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. पण वेळीच लस घेतली तर तो रोग टळतो. चावा बसताच जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि थेट सरकारी दवाखाना गाठावा. चुना, मिरची, मांत्रिक हे सारे मृत्यूचे दलाल होत. ज्या धम्माने आपल्याला अंधश्रद्धेतून सोडविले, त्याच्या अनुयायाने चाव्यावर मंत्र घालून घ्यावा, यासारखी लाज नाही. दर शंभर कुत्र्यांपैकी सत्तरांस लस मिळाली तर रोगाची साखळी तुटते, असे शास्त्र सांगते. शेजारच्या गोव्याने हे करून दाखविले आणि २०२१ मध्ये ते राज्य रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून घोषित झाले. कुत्र्याला दिलेली लस ही अशा रीतीने मुलाला दिलेलीच लस ठरते.

बौद्ध देश थायलंडचा अनुभवही बोधप्रद आहे. तेथे लोक नकोशी झालेली कुत्री विहारांच्या आवारात आणून सोडतात, आणि भिक्षू आपल्या भिक्षेतील उरलेले अन्न त्यांना घालतात. हेतू चांगला, पण अन्नाने संख्या घटत नाही आणि खरूज बरी होत नाही. म्हणून फुकेत बेटावर २००३ मध्ये स्थापन झालेल्या सोई डॉग या संस्थेने निर्बीजीकरण, लस, उपचार व निवारा यांचे काम हाती घेतले. २०१४ मध्ये त्या देशाने प्राण्यांवरील क्रौर्याविरुद्ध कायदाही केला. विहाराच्या दारात पिल्लू सोडून जाणे म्हणजे दया नव्हे. आपला भार दुसऱ्याच्या शिरावर ठेवणे होय.

आपल्या वऱ्हाडास ही शिकवण परकी नाही. अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी जन्मलेल्या गाडगेबाबांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या दशसूत्रीत मुक्या प्राण्यांना अभय आहे. आणि त्यांच्या हातात झाडू होता, हेही विसरू नये, कारण कुत्र्यांचा प्रश्न निम्मा कचऱ्याचा आहे. सम्राट अशोकाने आपल्या दुसऱ्या शिलालेखात माणसांची चिकित्सा आणि पशूंची चिकित्सा यांचा उल्लेख एकत्रच केला आहे. अकोल्यास तर पशुवैद्यकाची स्नातकोत्तर संस्थाच उभी आहे. विद्या आहे, कायदा आहे. उणीव आहे ती मागणी करणाऱ्यांची.

म्हणून प्रत्येक वस्तीने महानगरपालिकेस लेखी अर्ज द्यावा. आमच्या प्रभागात किती कुत्र्यांचे निर्बीजीकरण झाले, किती जणांस लस दिली, निवारागृह कोठे आहे व त्यास किती निधी दिला, हे विचारावे. उत्तर न आल्यास माहितीच्या अधिकाराचा अर्ज करावा. घरी मात्र उरलेले अन्न गटारात टाकू नये, मुलांच्या हातातील दगड खाली ठेवावयास लावावा आणि पाळलेल्या कुत्र्यास लस टोचून घ्यावी. हक्क मागताना कर्तव्य करणे आणि कर्तव्य करताना हक्क न सोडणे, ही शिस्त आपल्याला बाबासाहेबांनी शिकविली. जो समाज स्वतःच्या मुलाचे व वस्तीतील मुक्या जीवाचे रक्षण एकाच अर्जात मागतो, त्याने आपली प्रतिज्ञा पाळली असे म्हणता येईल.