आधी मांड, मग दौड

मंडळी, सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या बाजारातून घोडा दारी आला, की पोरं लगेच दौडीचा हट्ट धरतात. घाई करू नका. आधी आठवडाभर पोराला खरारा करू द्या, दाणापाणी देऊ द्या. घोड्याला थेट पाठीमागचं दिसत नाही. म्हणून खांद्याच्या बाजूने, बोलत बोलत जवळ जावं. चढण्याआधी तंग तपासावा. रिकिबीत फक्त चवडा, टाच खाली. अख्खं पाऊल अडकलं, तर पडलेला स्वार फरफटत जातो. लगाम हिसडू नये. तोल मांडीने सांभाळावा. सुरुवातीला जाणत्याने घोडा हाती धरावा. पोराने चालवणं, थांबवणं, वळवणं शिकावं. ते अंगवळणी पडलं, की मग दुडकी. दटावून भीती जात नाही, सवयीने जाते.