बक्षीसपत्रावर अंगठा उठविण्यापूर्वी



गेल्या पावसाळ्याच्या तोंडी एके दिवशी सकाळची मिस्सा आटोपून मी बाहेर आलो, तो दाराशी एक वृद्ध माता उभी. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला एक कागद तिने पदराआड धरला होता. "फादर, हा कागद जरा वाचून सांगा की. ह्यात माझं काही राहिलंय काय?" एवढेच ती म्हणाली. तो कागद बक्षीसपत्राचा होता. पाच वर्षांपूर्वी तिने आपले राहते घर व परसातील जमिनीचा तुकडा धाकट्या मुलाच्या नावे करून दिला होता. सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत दोन साक्षीदारांसमक्ष अंगठा उठविला होता. आता तिची खाट पडवीत आली होती, आणि रक्तदाबाच्या गोळ्यांना पैसे मागितले की घरात भांडण उभे राहत असे.

ही हकिकत मी लिहितो त्यास एक कारण आहे. त्या वेळी "देऊन टाका मावशी, मुलाचा जीव घरात रमेल" असे तिला सांगणारा मीच होतो. हेतू चांगला होता. परंतु कागद मी वाचला नव्हता. सेमिनरीत आम्हांला तत्त्वज्ञान व धर्मशास्त्र शिकविले. दस्तऐवज कसा वाचावा हे कोणी शिकविले नाही, आणि ते आपण होऊन शिकावे असे मलाही कधी वाटले नाही. त्या सकाळी मी तो कागद तीन वेळा वाचला. "प्रेम व आपुलकीपोटी" हे शब्द त्यात होते. आईला जन्मभर सांभाळावे, तिला अन्नवस्त्र व औषध द्यावे, ह्या अर्थाची एक ओळही त्यात नव्हती.

त्या एका ओळीचे मोल किती आहे ते आता सांगतो. संसदेने 2007 साली आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा व कल्याणाचा कायदा केला. त्याचे 23 वे कलम प्रत्येक घरात ठाऊक असावयास हवे. हा कायदा लागू झाल्यानंतर साठ वर्षांवरील माणसाने, आपल्याला सांभाळावे ह्या अटीवर, आपली मालमत्ता बक्षीस म्हणून किंवा अन्य रीतीने कोणाला दिली, आणि घेणाऱ्याने सांभाळ केला नाही, तर तो व्यवहार फसवणुकीने किंवा दडपणाने झाला असे कायदा मानतो. देणाऱ्याची इच्छा असल्यास न्यायाधिकरण तो रद्दबातल ठरवू शकते. सर्व भार 'ह्या अटीवर' ह्या दोन शब्दांवर आहे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2022 मध्ये एका खटल्यात स्पष्ट सांगितले की, अशी अट होती हे दाखविता आले पाहिजे. केवळ दान दिले एवढ्याने ते परत मिळत नाही. पुढे जानेवारी 2025 मध्ये मध्य प्रदेशातील छतरपूरच्या एका मातेचा खटला त्याच न्यायालयापुढे आला. तिने 2019 साली मुलाला बक्षीसपत्र करून दिले, त्यात मुलगा तिचा सांभाळ करतो असा उल्लेख होता. आणि मुलाने सेवा केली नाही तर मालमत्ता परत घेता येईल, असे वचनपत्र तिने सादर केले. ते बनावट आहे असे मुलाचे म्हणणे होते. न्यायालयाने मातेच्या बाजूने निकाल दिला, बक्षीसपत्र रद्द केले आणि घराचा ताबाही तिला परत देवविला. दोन माता, दोन बक्षीसपत्रे. फरक काय तो त्या ओळीचा.

मग आमच्या ह्या मातेचे सर्वच संपले काय? तसे नाही, आणि येथेच पुष्कळांची समजूत चुकीची असते. घर परत मिळणे ही एक गोष्ट, निर्वाह मिळणे ही दुसरी. आईवडिलांनी काही दिलेले असो वा नसो, स्वतःच्या कमाईवर किंवा मालमत्तेवर ज्यांचे भागत नाही अशांचा सांभाळ करणे हे सज्ञान मुलगा, मुलगी, नातू व नात यांच्यावर ह्या कायद्याने बंधनकारक आहे. सावत्र आईवडीलही ह्यात येतात. ज्यांना मूलबाळ नाही, त्यांची मालमत्ता ज्या वारसाकडे आहे किंवा पुढे जावयाची आहे, त्या नातलगावर हा भार पडतो. सून व जावई ह्या व्याख्येत नाहीत. तेव्हा रागाच्या भरात सुनेचे नाव अर्जात घालण्यात अर्थ नाही. (असे दोन अर्ज माझ्या हातून फाडले गेले आहेत.)

अर्ज प्रांताधिकाऱ्यांच्या पदाचा अधिकारी ज्याचा प्रमुख असतो त्या न्यायाधिकरणाकडे करावयाचा असतो. बेळगाव भागात त्यांना असिस्टंट कमिशनर म्हणतात. वकील लावावाच लागतो असे नाही. मागणी केल्यास सरकारचा निर्वाह अधिकारी वृद्धाची बाजू मांडतो. ज्याला चालवत नाही त्याच्या वतीने त्याने सांगितलेला कोणीही माणूस किंवा संस्था अर्ज देऊ शकते. एका मुलावर अर्ज झाला तर तो आपल्या भावाबहिणींनाही त्यात ओढू शकतो, आणि ते योग्यच आहे. नोटीस पोहोचल्यापासून 90 दिवसांत निकाल द्यावा, फार तर आणखी 30 दिवस घ्यावेत, असे कायदा म्हणतो. मध्यंतरी तात्पुरती रक्कमही देवविता येते. 2007 च्या कायद्याप्रमाणे निर्वाहाची कमाल मर्यादा दरमहा 10,000 रुपये आहे. वृद्धाला जाणूनबुजून टाकून देणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्हीही होऊ शकतात.

आता प्रश्न असा की, बक्षीसपत्र करावेच कशाला? मला विचाराल तर, जिवंतपणी घर देऊन टाकण्याची घाई बहुधा मुलांनाच असते, म्हाताऱ्यांना नसते. मृत्युपत्र करावे. ते साध्या कागदावर चालते; दोन साक्षीदार लागतात; नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. मरेपर्यंत ते केव्हाही बदलता येते व घर आपल्याच नावे राहते. एक सावधगिरी मात्र हवी: ज्याला काही द्यावयाचे त्याला, किंवा त्याच्या पत्नीला वा पतीला, साक्षीदार करू नये, नाहीतर त्याला दिलेले रद्द होते. विधुराने किंवा विधवेने पुन्हा लग्न केले, तर आधीचे मृत्युपत्र आपोआप मोडते, हेही लक्षात असावे. मृत्युपत्र नसेल तर 1925 च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणे ख्रिस्ती विधवेला एक तृतीयांश व मुलांना दोन तृतीयांश मिळतात. मुलगा व मुलगी यांत भेद नाही. "मुलीचं लग्न करून दिलं, तिचा हक्क संपला" असे आपल्या गावांत सर्रास बोलले जाते, ते ह्या कायद्यात कोठेही नाही. गोव्यातील वाचकांनी मात्र हा भाग आपल्याला लागू समजू नये. तेथे वारसाचा वेगळा कायदा आहे, आणि मुलांचा अर्धा हिस्सा मृत्युपत्रानेही काढून घेता येत नाही.

घर द्यावयाचेच असेल, तर बक्षीसपत्रात दोन गोष्टी स्पष्ट लिहून घ्याव्यात: देणाऱ्याला मरेपर्यंत त्या घरात राहण्याचा हक्क, आणि सांभाळाची अट. लिहिणारा म्हणेल, "एवढं कशाला? घरचीच तर माणसं." तेव्हा उठून घरी यावे.

एकटे राहणाऱ्यांसाठी थोडेसे. वृद्धांच्या साहाय्यासाठी 14567 हा राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांक आहे. तेथे फुकट बोलता येते. फोनवर 'पोलीस' बनून पैसे मागणारे आता खेड्यांपर्यंत पोहोचले आहेत. फोनवरून कोणाला अटक होत नसते, आणि पैसे गेलेच तर 1930 ह्या क्रमांकावर तत्काळ कळवावे. कर्नाटकात 65 वर्षांवरील गरिबांसाठी 'संध्या सुरक्षा' ही निवृत्तिवेतनाची योजना आहे. आपल्या सेंट व्हिन्सेंट दि पॉल सोसायटीचे सभासद आठवड्याला घरोघर जातात, त्यांनी धान्याबरोबर ह्या योजनेच्या अर्जाचीही चौकशी करावी.

त्या मातेने अर्ज द्यावयास दोन महिने घेतले. "पोराला कचेरीत उभं करू काय, फादर? लोक काय म्हणतील?" हे ती प्रत्येक वेळी विचारी, आणि मजजवळ उत्तर नसे. शेवटी तिची गोव्यात दिलेली मुलगी आली व तिने आईच्या नावे अर्ज नेऊन दिला. सुनावणीआधी प्रकरण समेट अधिकाऱ्याकडे जाते, तेथेच ते मिटले. आतली खोली तिला मिळाली. औषधपाण्याचे पैसे थोरला व धाकटा मिळून दरमहा तिच्या बँकेतील खात्यात भरतात. घर धाकट्याच्याच नावे राहिले. चूल अजून वेगळी आहे. ती आता रविवारी पुढच्या बाकावर बसते, मुलगा मागे, दाराजवळ.

ज्यांनी बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र किंवा कुलमुखत्यारपत्र करून दिले आहे अगर देण्याच्या विचारात आहेत, त्यांनी येत्या रविवारी मिस्सेनंतर त्याची नक्कल घेऊन यावे. आपल्या गावातील एक निवृत्त शिरस्तेदार कागद वाचून देण्यास तयार झाले आहेत. मूळ प्रत आणू नये; ती घरी पेटीतच ठेवावी.