वही आपली, कुलूप कोणाचे?

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत आमचे एक स्नेही गेली पंचवीस वर्षे वाहनांचे सुटे भाग तयार करण्याचा छोटा कारखाना चालवीत आहेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सुट्या भागांवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. गाडीवाल्यांच्या दृष्टीने ही आनंदाची वार्ता. परंतु हिशेबाच्या खोलीत त्या आठवड्यात मोठीच धावपळ उडाली. सुमारे अकराशे वस्तूंचा करदर बदलायचा होता. सॉफ्टवेअरच्या पडद्यावर एकेक वस्तू उघडून तो बदलणे म्हणजे दोन दिवसांचे काम. कारखान्यातील एका हुशार तरुणाने सॉफ्टवेअरला वळसा घालून थेट डेटाबेसला आज्ञा दिली आणि दोन मिनिटांत काम उरकले. त्या आज्ञेत तारखेची अट घालायचे मात्र राहून गेले. ऑगस्ट महिन्यात २८ टक्क्यांनी काढलेल्या बिलांवरही १८ चा आकडा चढला, ग्राहकांच्या खात्यावरील येणे जुनेच राहिले, आणि कराचे विवरणपत्र कशाशीच जुळेना. विक्रेत्याच्या साहाय्य केंद्राकडे धाव घेतली तेव्हा उत्तर मिळाले की, आपण डेटाबेसला हात लावला आहे, सबब आमची जबाबदारी संपली.

"अहो, वही माझी, नोंदी माझ्या, दरवर्षी देखभालीचे पैसे मोजतो मी, आणि माझ्याच वहीला हात लावला तर मी गुन्हेगार?" हा त्यांचा उद्वेग. तो ऐकणाऱ्याला चटकन पटतो. मलाही पटला. तथापि शांतपणे विचार करता विक्रेत्याच्या मूळ नियमात तथ्य आहे, असेच म्हणावे लागते.

व्यवसायाचे सॉफ्टवेअर म्हणजे दोन गोष्टी. एक, नोंदी साठवून ठेवणारा डेटाबेस. आणि दुसरी, त्या नोंदी कोणत्या नियमाने व्हाव्यात हे ठरवणारी आज्ञावली. आपण पडद्यावर एक बिल करतो, तेव्हा आज्ञावली गोदामातील माल कमी करते, ग्राहकाच्या नावे रक्कम टाकते, कराच्या खात्यात जमा करते, आणि हे सारे एकदम घडते किंवा मुळीच घडत नाही. डेटाबेसमध्ये परस्पर शिरणारा माणूस एका तक्त्यातील एक आकडा बदलतो. उरलेल्या तक्त्यांना त्याचा पत्ताही नसतो. आपल्या जुन्या पेढ्यांवरचे दिवाणजी कीर्दीत खाडाखोड करू देत नसत. चूक झाली तर तिची उलट नोंद करायची, मूळ ओळ तशीच दिसत राहिली पाहिजे, हा त्यांचा दंडक. कीर्द एक सांगते आणि खतावणी दुसरे, अशी वेळ आली की पेढीची पत गेलीच म्हणून समजावे. डेटाबेसवर चालवलेली थेट आज्ञा ही खाडाखोडच आहे, फक्त तिचा डाग कागदावर दिसत नाही.

म्हणूनच या बाबतीत बड्या कंपन्यांचे धोरण जवळपास एकसारखे आहे. छोट्या व मध्यम उद्योगांसाठी असलेल्या 'एसएपी बिझनेस वन'च्या तक्त्यांत परस्पर नोंद घालणे, बदलणे वा पुसणे कंपनीला मान्य नाही. ओरॅकलच्या 'ई-बिझनेस सूट'च्या पुस्तिकांमध्ये अशा बदलांविरुद्ध ठळक इशारा असे आणि त्याचे कारणही दिलेले असे: आमच्या पडद्यांवरून बदल केलात तर तो कोणी केला याची नोंद राहते, बाहेरच्या साधनाने केलात तर राहत नाही. मायक्रोसॉफ्टचे 'शेअरपॉइंट'विषयीचे धोरण तर याहून कडक. डेटाबेसमध्ये अमान्य बदल आढळला, तर तो पूर्णपणे मागे घ्या, नाहीतर बदलापूर्वीची प्रत पुन्हा बसवा. त्याखेरीज पुढे बोलणे नाही.

आपल्याकडे आता हा विषय केवळ विक्रेत्याच्या मर्जीचा राहिलेला नाही. १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक नोंदणीकृत कंपनीने असेच लेखा-सॉफ्टवेअर वापरले पाहिजे की, ज्यात प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद राहील आणि ही नोंदवही बंद करता येणार नाही. ती खरोखर चालू होती काय, हे लेखापरीक्षकाला आपल्या अहवालात सांगावे लागते. पडद्यावरून केलेले बदल टिपले जातात, मात्र डेटाबेसमध्ये थेट केलेले बदल टिपण्याची सोय नव्हती, असे शेरे त्यानंतर अनेक मोठ्या कंपन्यांच्या अहवालांत आले. चोरदरवाजा तेथेच आहे हे कायद्याच्या अंमलबजावणीतूनच उघड झाले, हे बरे झाले.

येथवर विक्रेत्याची बाजू. आता दुसरी बाजू.

कुलूप लावण्याचा अधिकार मान्य केला, तरी कुलपाची दुसरी किल्ली कोणाकडे आहे, हा प्रश्न उरतोच. या प्रश्नाचे भीषण उत्तर ब्रिटनच्या टपाल खात्याने जगाला दिले आहे. तेथील टपाल कार्यालयांत १९९९ पासून 'होरायझन' ही हिशेबाची प्रणाली बसवण्यात आली. तिची देखभाल फुजित्सु या कंपनीकडे होती. प्रणालीतील दोषांमुळे कार्यालयांच्या हिशेबांत तुटी दिसू लागल्या आणि त्यांचे खापर ती कार्यालये चालवणाऱ्या साध्या माणसांवर फुटले. १९९९ ते २०१५ या काळात नऊशेहून अधिक जण दोषी ठरवले गेले. भारतीय वंशाच्या सीमा मिश्रा यांना २०१० मध्ये पंधरा महिन्यांची शिक्षा झाली, तेव्हा त्या गर्भवती होत्या. आमच्या नकळत बाहेरून कोणी हिशेब बदलत असेल काय, असे ही माणसे विचारीत राहिली. तसे शक्यच नाही, असे टपाल खाते वर्षानुवर्षे ठणकावून सांगत राहिले. डिसेंबर २०१९ मध्ये न्यायमूर्ती फ्रेझर यांच्या निकालाने सत्य बाहेर आले. प्रणालीत दोष होते, आणि फुजित्सुचे कर्मचारी दुरूनच शाखांच्या हिशेबात नोंदी घालू वा बदलू शकत होते. त्या शिक्षा सरसकट रद्द करणारा कायदा होण्यासाठी २०२४ साल उजाडावे लागले.

ग्राहकाने हात लावला तर जबाबदारी संपते. मग विक्रेत्याने हात लावला तर ती कोणाची? साहाय्य करारांच्या बारीक अक्षरांत पहिल्या वाक्याला स्थान असते, दुसऱ्याला क्वचितच. साहाय्य केंद्रातील मुलगा दुरून आपल्या संगणकात शिरतो, 'दोन मिनिटे थांबा साहेब' म्हणतो, काहीतरी करतो आणि ताळेबंद जुळतो. त्याने नेमके काय केले, कोणती ओळ बदलली, हे आपण विचारीत नाही आणि तोही सांगत नाही. खरे तर हीच ती खाडाखोड, केवळ परक्या हाताने केलेली.

शिवाय हा नियम लिहिण्यापुरता असावा, वाचण्यापुरता नव्हे. स्वतःच्या नोंदी वाचून एखादा वेगळा तक्ता काढला, एवढ्यावरूनही काही विक्रेते साहाय्य नाकारतात, हा निव्वळ अतिरेक आहे. भारताचा कॉपीराइट कायदा याबाबत अधिक उदार आहे. १९९९ च्या दुरुस्तीनंतर, वैधपणे घेतलेल्या प्रणालीचा दुसऱ्या स्वतंत्र प्रणालीशी मेळ घालण्यासाठी लागणारी माहिती सहज उपलब्ध नसेल, तर ती मिळवण्यासाठी आवश्यक ते करण्याची मुभा त्याने दिली आहे. आणि कंपनी कायद्यानुसार हिशेबाची पुस्तके आठ आर्थिक वर्षे जपायची आहेत. आठ वर्षांत विक्रेता बदलेल, प्रणालीची आवृत्ती बदलेल, कदाचित विक्रेत्याचे दुकानही मिटेल. तेव्हा त्या तक्त्यांतील कोणत्या रकान्यात काय आहे हे आपल्याला ठाऊक नसेल, तर आपण नेमके काय जपले?

मागचा दरवाजा बंद करणाऱ्याने पुढचा दरवाजा रुंद ठेवला पाहिजे. हे अशक्य नाही. बिझनेस वनमध्येच ग्राहकाला स्वतःचे रकाने व तक्ते जोडण्याची अधिकृत सोय आहे, बाहेरून नोंदी घालण्यासाठी नियम तपासणारा मार्ग आहे, आणि नोंद पक्की होण्यापूर्वी आपल्या अटी तपासण्यासाठी एक जागा मुद्दाम मोकळी ठेवलेली आहे. मुंबईच्या फ्रॅपे या कंपनीने घडवलेली 'ईआरपीनेक्स्ट' ही प्रणाली तर मुक्त परवान्याखाली आहे. तिची आज्ञावली कोणीही वाचावी आणि बदलावी. अर्थात मुक्त आहे म्हणून डेटाबेसमध्ये परस्पर आकडे फिरवावेत असे नव्हे. खाडाखोड तेथेही खाडाखोडच. फरक एवढाच की, दार कोठे आहे आणि कसे उघडते, हे तेथे कोणापासून लपवलेले नाही.

आमच्या स्नेह्यांच्या त्या अकराशे वस्तूंसाठी असा दरवाजा होता काय? होता. सर्व वस्तूंचे दर एका फाइलमधून एकदम आत घेण्याची सोय त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये पहिल्यापासून होती. ती त्यांना कोणी दाखवली नव्हती आणि त्यांनीही कधी विचारले नव्हते. शेवटी आदल्या रात्रीची प्रत पुन्हा बसवून, मधल्या दीड दिवसाच्या नोंदी कागदी चलनांवरून हाताने भरून त्यांनी हिशेब मार्गी लावला.

येत्या मार्चमध्ये त्यांचा देखभालीचा करार नूतनीकरणासाठी येत आहे. या वेळी त्यांनी विक्रेत्याला पत्र धाडले आहे: तक्त्यांचा नकाशा लेखी द्यावा, आमच्या नोंदी वाचण्यास आडकाठी नसावी, आणि आपल्या माणसाने आमच्या डेटाबेसमध्ये जे काही बदलले असेल, त्याची तारीख, वेळ व कारण यांसह नोंद त्याच दिवशी आमच्याकडे यावी. पहिल्या दोन मागण्यांना होकार आला आहे. तिसरीवर वरिष्ठांशी बोलून कळवतो, असे उत्तर आहे.